शेजारचं पुस्तक

वर्ष १९२२. हांबुर्ग. खिशातल्या नोटांची किंमत रोज थोडी उतरते आहे आणि तुम्ही पुस्तक विकत घ्यायचा विचार कधीच सोडून दिला आहे. विद्यापीठ जेमतेम तीन वर्षांचं आहे, त्याचं स्वतःचं ग्रंथालय तोकडं आहे. म्हणून कुणीतरी तुम्हाला हाइलविगश्ट्रासेवरच्या ११४ नंबरच्या घराचा पत्ता दिला. मागे आल्स्टर नदीचं शांत पाणी, पुढे श्रीमंतांची वस्ती. घंटा वाजवताना तुम्हाला जरा संकोचच वाटतो, कारण हे ग्रंथालय नाही, कुणाचं तरी राहतं घर आहे.

आत गेल्यावर संकोच जातो. घरात माणसांपेक्षा पुस्तकांना जास्त जागा आहे. सुमारे वीस हजार पुस्तकं. भिंती त्यांनीच व्यापलेल्या. मालक घरी नाहीत. आबी वारबुर्ग हे त्यांचं नाव. ते स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेनला, मनोरुग्णांच्या आरोग्यधामात आहेत. महायुद्ध संपता संपता त्यांचं मन ढासळलं ते अजून सावरलेलं नाही. त्यांच्या मागे हा सगळा पसारा फ्रित्झ झाक्सल नावाचे विद्वान सांभाळतात. आणि याच वर्षी त्यांच्या जोडीला एक नवीन ग्रंथपाल आली आहे. वय तीस. इथेच, हांबुर्गच्या एका ज्यू घरात जन्म. आदल्याच वर्षी तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासीरर यांच्याकडे लेसिंग आणि लाइब्निझ यांच्या ‘अनिवार्यते’च्या कल्पनेवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेली. गेरट्रूड बिंग. आपल्याकडे असत्या तर त्यांना सगळ्यांनी बिंगबाईच म्हटलं असतं. मीही तसंच म्हणतो.

तुम्हाला हवं आहे खगोलशास्त्राच्या इतिहासावरचं एक पुस्तक. साधी मागणी. बाई तुम्हाला एका मांडणीपाशी नेतात आणि तुम्ही गोंधळता. तुमचं पुस्तक आहे, पण त्याच्या डाव्या हाताला फलज्योतिष आहे. उजवीकडे जादूटोण्याची जुनी पोथी. त्याच्या पलीकडे पंचांगं, मग धर्मविधी, मग अचानक तत्त्वज्ञान. लेखकांची आद्याक्षरं नाहीत, आकारमान नाही, प्रकाशनाचं साल नाही. पुस्तकांच्या पाठीवर तीन-तीन रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत, तेवढीच काय ती खूण.

वारबुर्ग याला चांगल्या शेजाराचा नियम म्हणत. तुम्ही जे पुस्तक शोधत येता ते तुम्हाला ठाऊक असलेलं पुस्तक असतं; तुम्हाला खरी गरज असते ती त्याच्या शेजारच्या, ठाऊक नसलेल्या पुस्तकाची. ग्रह मोजणारा माणूस आणि ग्रहांना भिणारा माणूस हा बहुधा एकच माणूस होता, म्हणून त्यांची पुस्तकं वेगळ्या खोल्यांत ठेवायची नाहीत. कासीरर इथे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना कळून चुकलं होतं की इथून एकतर लगेच पळ काढावा, नाहीतर वर्षानुवर्षं इथेच अडकावं. ते अडकले. तुम्हीही त्या दुपारी एक पुस्तक मागायला येऊन चार घेऊन बाहेर पडता.

अशा ग्रंथालयात ग्रंथपालाचं काम काय असतं, हे नीट समजून घ्यायला हवं. नवीन पुस्तक आलं की ते कुणाशेजारी ठेवायचं हा निर्णय घ्यायचा. एक विचार बदलला की दोनशे पुस्तकं हलवायची. मालकाच्या डोक्यात जे नातं आहे ते मालक शेकडो कोस दूर असताना ओळखायचं. बिंगबाईंनी पहिली दोन वर्षं हे केलं. माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण तिथेच झालं, प्रबंधाच्या पदवीनंतर, हातात सूचीकार्डं घेऊन.

आता चार वर्षं पुढे या. १ मे १९२६. वारबुर्ग १९२४ च्या ऑगस्टमध्ये घरी परतले आहेत आणि घराच्या शेजारी, ११६ नंबरला, पुस्तकांसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली आहे. आज तिचं उद्घाटन. आतल्या दारावर ग्रीक अक्षरांत एकच शब्द कोरला आहे : म्नेमोसिनी. स्मृतीची देवता, नऊ कलादेवतांची आई. दार ओलांडलं की वाचनदालन लागतं आणि ते लंबगोल आहे. वारबुर्ग आजारी असताना कासीरर त्यांना भेटायला क्रॉइत्सलिंगेनला गेले होते, तेव्हा दोघं केप्लरबद्दल बोलले होते, ग्रह वर्तुळात फिरत नसून लंबगोलात फिरतात हे ओळखायला माणसाला किती काळ लागला त्याबद्दल. तो आकार इथे खोली होऊन उभा आहे. खाली-वर पुस्तकांचे पाळणे, चिठ्ठ्या पोचवणाऱ्या हवेच्या नळ्या, टेलिफोन. आणि वर चार मजले : चित्र, शब्द, दिशा, कृती. माणूस पाहतो, बोलतो, जगात आपली जागा शोधतो आणि काहीतरी करतो, या चार गोष्टींप्रमाणे पुस्तकं लावलेली.

हे सगळं कुणाच्या पैशावर, असा प्रश्न तुमच्या मनात येईलच. वारबुर्ग हे सावकारी पेढीचं घराणं. घरात एक गोष्ट सांगतात की तेरा वर्षांच्या थोरल्या आबीने पेढीवरचा आपला हक्क धाकट्या माक्सला देऊन टाकला. बदल्यात आयुष्यभर लागतील ती पुस्तकं घेऊन द्यायचं वचन घेतलं. माक्सने ते पाळलं.

या इमारतीत एक रोजनिशी ठेवली जाते. तिच्यात तिघं लिहितात : वारबुर्ग, झाक्सल आणि बिंग. कुठलं पुस्तक आलं, कोण भेटायला आलं, कुठे चुकलं, काय सुचलं. वारबुर्ग तिच्यात बाईंचं नाव ‘बिंगियुस’ असं लॅटिन पुरुषी थाटात लिहितात, किंवा ‘सहकारी बिंग’. त्या काळच्या जर्मन विद्वत्तेत बाईला बरोबरीची जागा देण्यासाठी भाषेत शब्दच नव्हता, म्हणून एक नाव घडवावं लागलं. १९२७ पासून त्या संस्थेच्या साहाय्यक संचालक आहेत.

आता रोमला चला, कारण इथे थोडा वेळ थांबायचं आहे.

१९२८ चा हिवाळा. वारबुर्ग, बिंगबाई आणि वारबुर्गांचा सेवक फ्रान्झ आल्बर पॅलेस हॉटेलात उतरले आहेत. खोलीत तुम्ही पाऊल ठेवता आणि थबकता. काळं कापड ताणलेल्या उंच चौकटी भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यावर छायाचित्रं टाचलेली आहेत. एका ग्रीक शिल्पातली धावती स्त्री, तिचं वस्त्र वाऱ्यावर उडालेलं. तिच्याजवळ फ्लॉरेन्समधल्या एका भित्तिचित्राचा तुकडा : गिर्लांदायोने रंगवलेला योहानच्या जन्माचा प्रसंग, आणि उजवीकडून डोक्यावर फळांची परडी घेऊन लगबगीने आत येणारी दासी. बाकी सगळ्या बायका पंधराव्या शतकातल्या सभ्य घरातल्यासारख्या संथ आहेत. ही एकटीच वाऱ्यासारखी आली आहे. तिचं वस्त्र तसंच उडतं आहे. दीड हजार वर्षं कुठे होती ही?

वारबुर्ग यांचं सगळं आयुष्य या प्रश्नात गेलं. प्राचीन माणसाच्या भीतीचे, आनंदाचे, शोकाचे हावभाव मरत नाहीत, ते दडून बसतात आणि शतकांनंतर भलत्याच अंगात संचारतात. आपल्याकडे जत्रेत अंगात येणं पाहिलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. हे दाखवण्यासाठी त्यांना ग्रंथ लिहायचा नव्हता, चित्रांचा नकाशासंग्रह करायचा होता. त्याचंही नाव म्नेमोसिनी. टाचण्या काढायच्या, चित्र हलवायचं, पुन्हा पाहायचं. हांबुर्गमध्ये पुस्तकं हलायची, इथे चित्रं हलतात. नियम तोच, शेजाराचा. पुढे या चौकटींवर टपाल तिकिटंही आली आणि वर्तमानपत्रातून कापलेली, गोल्फची काठी फिरवणारी एक तरुणीही.

१९ जानेवारी १९२९. हेर्त्सियाना ग्रंथालयाचं सभागृह. भिंतींच्या कडेने चित्रं लावलेली आहेत आणि वारबुर्ग दोन तासांहून जास्त बोलतात. श्रोत्यांत केनेथ क्लार्क नावाचा एक तरुण इंग्रज बसला आहे, त्याचं आयुष्य या भाषणाने वळण घेणार आहे. तुम्ही मात्र त्या खोलीत बिंगबाईंकडे पाहा. कुठली चौकट कुठल्या चौकटीनंतर, कुठलं चित्र कुठून आलं, कुठली टिपणं कुठल्या खोक्यात, हे त्या खोलीत दोनच माणसांना पूर्ण ठाऊक आहे. त्यातला एक बोलतो आहे आणि त्याचं हृदय दुबळं आहे.

फेब्रुवारीत मुसोलिनी आणि पोप यांचा समझोता होतो. रोमच्या रस्त्यांवर लोकांचा पूर येतो. त्या संध्याकाळी वारबुर्ग गर्दीत दिसेनासे होतात. जेवणाची वेळ होते, टळते. बाई काळजीने हैराण होतात, पोलिसांना फोनही करतात. मध्यरात्रीच्या आधी वारबुर्ग परततात आणि वर त्यांनाच समजावतात : ज्याने जन्मभर मूर्तिपूजकांच्या जुन्या उत्सवांचा अभ्यास केला, त्याच्या डोळ्यांदेखत रोम पुन्हा तसं होत असताना तो हॉटेलात कसा बसेल? बाईंनी ही हकीकत पुढे सांगितली म्हणून ती उरली. वारबुर्ग यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच असं आहे, बाईंनी सांगितलं म्हणून उरलेलं.

मे महिन्यात दोघं दक्षिणेला जातात. तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोचं गाव नोला, मग कापुआ. तिथे जमिनीखाली मिथ्र देवाचं एक मंदिर सात वर्षांपूर्वी सापडलं आहे. तुम्ही त्यांच्यामागून पायऱ्या उतरता. बाहेरचं ऊन मागे राहतं, ओलसर गारवा अंगाला लागतो. समोरच्या भिंतीवर रंग अजून जिवंत आहेत : फुगलेला अंगरखा, ताऱ्यांनी भरलेला, आणि त्याच्याखाली देव बैलाचा बळी देतो आहे. सूर्य आणि चंद्र कोपऱ्यांतून पाहत आहेत. वारबुर्ग आणि ब्रूनो, मिथ्र आणि ग्रहतारे, भीती आणि गणित, सगळं या एका तळघरात शेजारी शेजारी आहे. मला वाटतं, बिंगबाईंच्या आयुष्यातले सर्वांत भरलेले महिने हेच असावेत.

जूनमध्ये ते घरी परततात. २६ ऑक्टोबर १९२९ ला वारबुर्ग हृदयविकाराने जातात. वय त्रेसष्ट. म्नेमोसिनीच्या शेवटच्या मांडणीत त्रेसष्ट चौकटी आणि सुमारे हजारभर चित्रं आहेत, आणि मजकूर जवळजवळ नाही.

आता बाईंच्या टेबलापाशी बसा. खुर्ची ओढून घ्या, कारण हे काम तीन वर्षं चालणार आहे.

वारबुर्ग यांनी हयातीत फार थोडं छापलं. बोत्तिचेल्लीवरचा १८९३ चा प्रबंध, फेर्राराच्या स्किफानोया वाड्यातल्या भित्तिचित्रांवरचं भाषण, ल्यूथरच्या काळातल्या भविष्यकथनावरचा लेख, असे विखुरलेले निबंध. पण स्वतःच्या छापील प्रतींच्या समासात ते मरेपर्यंत लिहीत राहिले. शाई बदललेली, अक्षर घाईचं, वाक्यं अर्धी. शिवाय टिपणांची खोक्यांवर खोकी. संपादकासमोर दोन वाटा असतात. समासातलं सगळं मूळ मजकुरात मिसळून एक गुळगुळीत, ‘अद्ययावत’ लेखक तयार करायचा. किंवा छापून आलं ते जसंच्या तसं ठेवायचं आणि नंतरचं सगळं शेवटी, परिशिष्टात, वेगळं ओळखू येईल असं द्यायचं. बाईंनी दुसरी वाट धरली. लेखकाने अमुक वर्षी काय म्हटलं आणि नंतर त्याला काय वाटलं, हे दोन्ही वाचकाला वेगवेगळं दिसलं पाहिजे. प्रामाणिक संपादन म्हणतात ते हे. ते करायला लेखकावर प्रेम लागतं आणि त्याच्या जागी आपण बोलायचं नाही एवढा संयमही.

मग सूची. तुम्ही कधी पुस्तकाची सूची केली असेल तर तुम्हाला माहीत आहे, त्या कामाला कुणी दाद देत नाही. मुद्रितं येतात, पानांचे आकडे बदलतात, पुन्हा पहिल्यापासून. पण या पुस्तकाची सूची नुसती नावांची यादी नाही. वारबुर्ग यांच्या विचारातले धागे एका निबंधातून दुसऱ्यात कसे जातात ते तिच्यातून कळतं. हाइलविगश्ट्रासेवरच्या मांडण्या बाईंनी कागदावर उतरवल्या आहेत. कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी ठेवायचा हे त्यांना दहा वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. माझं मत स्पष्ट आहे : ही सूची हा बिंगबाईंचा ग्रंथ आहे.

१९३२ साली लायप्झिग आणि बर्लिनच्या टॉयब्नर प्रकाशनाने ते दोन खंड काढले. फ्रित्झ रूजमाँ यांच्या सहकार्याने संपादन गेरट्रूड बिंग. पुढे आणखी खंड येणार होते, चित्रसंग्रह येणार होता, पत्रं येणार होती.

पण पुढचं वर्ष १९३३ आहे.

एप्रिलमध्ये ज्यू प्राध्यापकांना नोकरीतून काढणारा कायदा येतो. कासीरर निघून गेले आहेत. मे महिन्यात बर्लिनपाठोपाठ हांबुर्गमध्येही पुस्तकं जाळली जातात. झाक्सल ज्यू, बिंग ज्यू, त्यांचे सहकारी एडगर विंड ज्यू, पेढीचं घराणं ज्यू. पुस्तकांची संख्या आता साठ हजारांच्या घरात आहे. विंड लंडनला जाऊन लोकांना भेटतात. ब्रिटनमध्ये काही माणसं पुढे येतात, त्यांत लॉर्ड ली आणि सॅम्युअल कोर्टॉल्ड आहेत. कागदोपत्री ठरतं की ग्रंथालय तीन वर्षांसाठी उसनं जाणार.

तुम्ही पुन्हा ११६ नंबरच्या दारात उभे आहात. लंबगोल दालनात पेट्या आहेत. मोजल्या तर ५३१ भरतात. पुस्तकं, छायाचित्रं, काचेच्या पट्ट्या, लोखंडी मांडण्यासुद्धा. पुस्तकं भरणं सोपं असतं. या पुस्तकांचा क्रम भरणं अवघड आहे, कारण क्रम गेला तर उरतील ती साठ हजार सुटी पुस्तकं, अशी कुठल्याही लिलावात मिळतात. १२ डिसेंबरला हेर्मिया आणि जेसिका ही दोन छोटी जहाजं हांबुर्गच्या बंदरातून निघतात आणि एल्ब नदीतून समुद्राकडे जातात. तुम्ही धक्क्यावर उभे राहून त्यांचे दिवे पाहत राहता. मागे दारावर तो ग्रीक शब्द राहिला आहे, आत काही नाही.

लंडनची पंचवीस वर्षं मी भरभर ओलांडतो. थेम्स नदीकाठच्या थेम्स हाउसमध्ये १९३४ ला पहिली जागा. मग साउथ केन्सिंग्टन. बाई आणि झाक्सल हे दोघं डलिचमध्ये एका घरात राहतात. जर्मनीतून, ऑस्ट्रियातून जीव घेऊन आलेल्या किती विद्वानांना त्यांनी काम, जागा, ओळखपत्र मिळवून दिलं त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. १९३६ मध्ये व्हिएन्नाहून एर्न्स्ट गोम्ब्रिख नावाचा तरुण येतो, वारबुर्ग यांची टिपणं लावायला बाईंच्या मदतीला. एप्रिल १९४१ च्या हवाई हल्ल्यात संस्थेचे ग्रंथपाल हान्स मायर मारले जातात. नोव्हेंबर १९४४ मध्ये संस्था लंडन विद्यापीठाची होते. तीन वर्षांची उसनवारी कायमची ठरते. मार्च १९४८ मध्ये झाक्सल जातात. बाई पुन्हा तेच काम हाती घेतात : मेलेल्या मित्राची भाषणं संपादित करणं. झाक्सल यांची व्याख्यानं १९५७ ला दोन खंडांत येतात. त्याच वर्षी बाईंनी त्यांच्यावर लिहिलेला आठवणींचा लेखही छापला जातो. तो मिळाला तर जरूर वाचा, कारण त्यात बाईंची स्वतःची लेखणी दिसते. ती नेमकी आणि उबदार आहे.

१९५५ ते १९५९ त्या संस्थेच्या संचालक आणि प्राध्यापक आहेत. त्यांच्याच काळात, १९५८ मध्ये, वोबर्न स्क्वेअरची नवी इमारत उघडते. पुन्हा चार मजले, पुन्हा तेच शेजार.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला हांबुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात या. शहर १९४३ च्या बॉम्बवर्षावात होरपळून पुन्हा उभं राहिलं आहे. आज इथे वारबुर्ग यांचा अर्धपुतळा बसवायचा आहे. सहासष्ट वर्षांच्या बाई बोलायला उभ्या राहतात, जर्मनमध्ये, आपल्या जन्मगावात. श्रोत्यांतल्या तरुणांना वारबुर्ग हे नाव बहुधा माहीत नाही. त्या त्यांना वारबुर्ग समजावून सांगतात. तुम्ही मागच्या रांगेत आहात. पंचवीस वर्षांपूर्वी याच शहराने ज्या माणसाची पुस्तकं बाहेर जाऊ दिली, त्याची ओळख हे शहर आता बाईंकडून करून घेतं आहे. त्या भाषणात कुठेही जाब विचारलेला नाही.

निवृत्तीनंतर त्यांना वारबुर्ग यांचं चरित्र लिहायचं होतं. त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या हस्तलिखितांची, दुसऱ्यांच्या संकटांची, दुसऱ्यांच्या नोकऱ्यांची काळजी वाहिल्यावर वेळ फार थोडा उरला. ३ जुलै १९६४ ला त्या लंडनमध्ये वारल्या. चरित्र झालं नाही. वारबुर्ग यांच्या विचारांचं चरित्र पुढे १९७० मध्ये गोम्ब्रिख यांनी प्रसिद्ध केलं. ते आपल्या परीने मोठं काम आहे, पण त्यात रोमच्या त्या रात्री वाट पाहणारी व्यक्ती लिहीत नाही, आणि ते वाचताना जाणवतं. म्नेमोसिनीचा चित्रसंग्रह संकलित ग्रंथमालेत जर्मनीत नीटपणे छापून आला तो २००० साली.

लंडनला गेलात तर वोबर्न स्क्वेअरला जा, वाचक म्हणून नाव नोंदवा आणि ताऱ्यांच्या पुस्तकांपाशी थांबा. मांडण्या खुल्या आहेत, मधे कुणी नाही. जे पुस्तक शोधायला आलात ते काढा, आणि निघण्यापूर्वी त्याच्या डावी-उजवीकडचं एकेक पुस्तकही काढून पाहा.